धावपट्टीवर गेलेले दोन महिने

शिवमंदिराच्या रस्त्याला जांभळांच्या पाट्या दिसू लागल्या की माझं डोकं तापायला लागतं. ऊन तर असतंच. बदलापूर-अंबरनाथचा पारा कुठवर चढला हे दरवर्षी बातम्यांत सांगतात आणि आम्ही अंबरनाथ पूर्वेची माणसं ओला पंचा मानेवर टाकून ती बातमी बघतो. पण माझा राग उन्हावर नाही. पाटीमागची बाई म्हणते, "घे ना ताई, चामटोलीची हायेत," आणि मला दोन वर्षांपूर्वीचा उन्हाळा आठवतो. त्या उन्हाळ्यात आमच्या घरी चामटोलीची जांभळं आली नाहीत. का आली नाहीत ते आठवलं की मी न घेताच पुढे निघते, आणि ती बिचारी उगाच भाव कमी करते.

जांभळं आणायचे बाबा. दर रविवारी सकाळी चहा झाला की स्कूटर काढायची, बदलापूर ओलांडून चामटोलीला गणपतकाकांकडे जायचं, जेवणाच्या वेळेला परत. गणपतकाका म्हणजे बाबांच्या कारखान्यातले फिटर. बाबा तिथे इन्स्ट्रुमेंटचे अधिकारी होते. दाब, तापमान, पातळी मोजणारी शेकडो यंत्रं खरं बोलताहेत ना, हे बघणं त्यांचं काम. तीस वर्षं दोघं एकत्र त्या वाफेत फिरले. निवृत्तीनंतर एकाने पुन्हा भातशेती धरली, दुसऱ्याने विमान.

विमान म्हणजे कॉम्प्युटरवरचं. लहानपणी बाबांना वैमानिक व्हायचं होतं, आणि घरी सांगितलं तेव्हा सगळे पोटभर हसले होते. माझा धाकटा भाऊ मंदार कॉलेजात असताना त्याने विमान चालवायच्या एका खेळाची सीडी आणली होती. त्याचं मन दोन महिन्यांत उडालं. बाबांचं वीस वर्षं उडालं नाही. खेळाच्या नव्या आवृत्त्या आल्या, पण बाबांना तोच हवा. त्यातलं प्रत्येक बटण त्यांना ठाऊक होतं आणि त्यासाठी एक जॉयस्टिकही घेतलेली होती, तिच्या मुठीवरचा रबर झिजून गुळगुळीत झालेला. दुपारी जेवण झालं की पंखा स्वतःकडे वळवून बाबा टेबलाशी बसायचे आणि मुंबईहून कुठेतरी निघायचे.

आकाशात सगळं छान चालायचं. गडबड व्हायची उतरताना. शहर जवळ आलं, इमारती, रस्ते, उभी असलेली दुसरी विमानं दिसायला लागली की पडदा अडखळायचा. विमान एकदम पुढे, मग थांबलेलं, मग पुन्हा पुढे. बाबा जॉयस्टिक डावीकडे न्यायचे आणि विमानाला ते क्षणभराने कळायचं. तेवढ्यात बाबा आणखी डावीकडे. मग सगळं एकदम डावीकडे. आपटायचं. आणि बाबा त्या पडद्याला, आत नसलेल्याच प्रवाशांना, हळूच म्हणायचे, "सॉरी."

हे 'सॉरी' मी कितीदा ऐकलं असेल. ऐकून मला हसू यायचं, हे इथे लिहून ठेवते. माझा राग इतरांवर निघायच्या आधी तो कुठून सुरू व्हायला हवा, हे वाचणाऱ्याला कळलेलं बरं.

मंदार पुण्याला असतो. बाबांचं उतरणं चुकतं हे कळल्यावर त्याने उल्हासनगरच्या एका सिंधी दुकानदाराला फोन केला. दुकानदार म्हणाला, "साईं, ग्राफिक्स कार्ड डाल दो, मक्खन चलेगा." मंदारने बाबांच्या वाढदिवसाला कार्ड पाठवलं. ते बसल्यावर समुद्र चकाकायला लागला, ढगांना कडा आल्या, संध्याकाळचा प्रकाश पंखांवर पडायला लागला. आईसुद्धा बघायला आली. आणि विमान आधीसारखंच आपटलं.

त्या गुढीपाडव्याला मंदार आला होता. श्रीखंड-पुरी खाऊन बाबांच्या शेजारी खुर्ची ओढून बसला. बाबांनी त्याच्यासमोर तीनदा उतरायचा प्रयत्न केला. तिन्ही वेळा आपटलं. मंदारने माझ्याकडे बघितलं आणि भुवई वर केली. स्वयंपाकघरात येऊन म्हणाला, "ताई, नवीन कार्ड टाकूनसुद्धा होत नाहीये. म्हणजे इश्यू मशीनचा नाहीये. बाबांचे रिफ्लेक्सेस गेलेत. आणि हे स्कूटर चालवतात? हायवेच्या ट्रॅफिकमध्ये?"

मी गणित शिकवते. उल्हासनगरच्या एका ज्युनिअर कॉलेजात, गेली बावीस वर्षं. त्या आठवड्यात माझ्या टेबलावर बारावीच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा होता. उत्तर चुकलं तरी पायऱ्या बरोबर असतील तर गुण द्यायचे, कुठल्या पायरीला चूक झाली ते शोधायचं, हे मी नव्या शिक्षकांना समजावून सांगते. अनोळखी पोरांच्या दहा-दहा पानांच्या खाडाखोडीत मी ती एक पायरी शोधत बसायचे. आणि माझ्या बापाच्या बाबतीत मी फक्त शेवटची ओळ बघितली. 'आपटलं.' खाली शून्य. एका गोष्टीचा दोष नाही म्हणजे दुसऱ्याचाच आहे, हे विधान वर्गात एखाद्या मुलाने केलं असतं तर मी त्याला फळ्यापाशी उभं केलं असतं. मंदारने केलं, तर मी मान हलवली.

स्कूटरची चावी मी उचलली. माझ्या पर्समध्ये टाकली. बाबांना मंदारनेच सांगितलं, चांगल्या शब्दांत, काळजीने, हात हातात घेऊन. हे काळजीचे शब्द मला आता ऐकवत नाहीत. माणसाला ओरडून काही काढून घेतलं तर तो निदान ओरडू तरी शकतो. बाबा म्हणाले, "बरं." एवढंच. आणि टीव्ही लावला.

आईने मात्र तोंड उघडलं. "एका खेळण्यावरून तुम्ही दोघं त्यांना खुर्चीत बसवताय. हात तर माझ्यासमोर आहेत त्यांचे. मला नाही दिसत काही." मंदार म्हणाला, "आई, तुला कळत नाही." आईला कळत होतं. त्या घरात फक्त तिलाच कळत होतं.

मग एप्रिल. आमच्याकडे एप्रिलच्या दुपारी वारा पडला की कारखान्यांचा तो उग्र, थोडा गोडसर वास खिडकीत येऊन बसतो. पडदे ओढलेले, रस्त्यावर चिटपाखरू नाही, आणि आतल्या खोलीत बाबा. विमान त्यांनी बंद केलं होतं. नुसतं विमान बंद झालं असतं तरी मी समजू शकले असते. एकदा मी बघितलं, चहा उकळल्यावर त्यांनी पातेलं आणि गाळणं आईपुढे केलं. "तूच ओत. माझा हात हलेल." हात हलत नव्हता. चाळीस वर्षं दुपारचा चहा तेच गाळत आलेत. काही दिवसांनी विजेचं बिल माझ्याकडे देऊन म्हणाले, "वाच गं, नीता, मी चुकीचं वाचेन." दाढी करायला सलूनमध्ये जायला लागले. जिना उतरताना कठडा धरायला लागले, दोन्ही हातांनी. आम्ही एक चावी काढून घेतली होती. बाकीचं त्यांनी आपणहून काढून दिलं, एकेक करून, कुणी मागितलेलं नसताना.

मंदारला मी फोनवर हे सांगितलं तर तो म्हणाला, "बघ, बरं झालं ना वेळेवर लक्षात आलं."

हा राग आता माझ्यात असा मुरलाय की मला तो जिथे तिथे दिसतो. गेल्या नोव्हेंबरात बाबांना पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायला घेऊन गेले होते. बोट ठेवायचं यंत्र होतं. बाबांनी अंगठा ठेवला, लाल दिवा. पुन्हा ठेवला, लाल दिवा. खिडकीतली मुलगी म्हणाली, "काका, तुमचे ठसे गेलेत." गेलेत म्हणजे? माणूस समोर उभा आहे, श्वास घेतोय, अंगठा त्याचाच आहे. यंत्राची काच पुसली का, हे तिने बघितलंसुद्धा नाही. मी माझ्या रुमालाने पुसली, हिरवा दिवा लागला. "अहो, तुमची काच गेली होती," मी म्हणाले. मोठ्याने म्हणाले. बाबांनी माझी बाही ओढली, पण मी आणखी एकदा म्हणाले.

एटीएमचा पडदा बोटाला दाद देत नाही, आणि मागचा माणूस उसासा टाकतो: आजोबा, जरा पटकन. डॉक्टरांकडचं स्पीकरवरचं नाव फाटक्या आवाजात येतं, आणि म्हातारीला म्हणतात कान तपासून घ्या. पांढऱ्या केसांच्या माणसाच्या हातात एखादं यंत्र बिघडलं तर कुणी यंत्राकडे बघतसुद्धा नाही. आधी केसांकडे बघतात.

त्या उन्हाळ्यात बाबांना खुर्चीतून बाहेर काढलं ते गणपतकाकांनी, आणि तेही नकळत. मे महिन्याचा पहिला आठवडा असेल. पाच रविवार बाबा गेले नव्हते. काकांचा फोन आला. त्यांचा आवाज एवढा मोठा की स्पीकर लावायची गरज नसते.

"येतंस का नाय? जांभला पिकाला लागली. मना वाटला तू रागावलास."

बाबा खोटं बोलले. मी त्यांना आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलताना ऐकलं. "रागावलो नाही रे. स्कूटर बिघडलीय."

"मंग बगत काय बसलास? जल्मभर दुसऱ्याची मीटरं खोलून बगलीस, आता सोताची गाडी खोलाला येत नाय?"

बाबांच्या कारखान्यात एक रीत होती, ती ते आम्हाला लहानपणी सांगायचे. कुठल्या टाकीचं तापमान भलतंच दिसलं की साहेब लोक आधी ऑपरेटरला धरायचे: तूच झोपलास, तूच व्हॉल्व्ह उघडा ठेवलास. बाबा मध्ये पडायचे. त्या मीटरच्या शेजारी दुसरा, खात्रीचा मीटर जोडायचा, दोघांचे आकडे बघायचे, आणि तोवर कुणी कुणाला काही बोलायचं नाही. किती ऑपरेटरांच्या नोकऱ्या वाचल्या असतील यामुळे. आणि हा माणूस स्वतःवर आरोप आला तेव्हा 'बरं' म्हणून गप्प बसला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी एक वही काढली आणि कॉम्प्युटर लावला.

ते काय करत होते हे मला तेव्हा कळलं नाही, नंतर त्यांनीच समजावलं. पडद्यावर हालचाल दिसते ती खरं तर एकामागून एक येणारी चित्रं असतात. सेकंदाला तीस आली तर डोळ्याला सलग वाटतं. खेळाच्या कोपऱ्यात हा आकडा दिसायची सोय होती, ती बाबांनी सुरू केली. आकाशात तीसच्या वर. धावपट्टी जवळ आली की अकरा. म्हणजे जिथे सगळ्यात बारीक हाताने काम करायचं, तिथेच खेळ त्यांना डोळे मिटून चालवायला सांगत होता.

पण अकरा का? कार्ड तर नवं होतं. मग बाबांनी चित्राचा बारकावा कमी केला. आणखी कमी केला. शेवटी पडदा इतका भुरकट झाला की धावपट्टी म्हणजे नुसती करडी पट्टी दिसायला लागली. आकडा अकराच. "बघ," ते मला म्हणाले, आणि कितीतरी आठवड्यांनी त्यांच्या आवाजात जीव होता, "चित्र रंगवायचं काम मी जवळजवळ काढून टाकलं, तरी वेग वाढला नाही. म्हणजे रंगारी अडलेलाच नाही. हिशेब करणारा अडलाय."

हिशेब करणारा म्हणजे प्रोसेसर. आमच्या कॉम्प्युटरच्या डब्यात चार कोअरचा होता, म्हणजे चार कामगार. त्यांच्यावर किती भार आहे ते दाखवणारी खिडकी बाबांनी उघडली. एकटा राबून घामाघूम, बाकीचे तिघे जवळजवळ मोकळे. खेळ जुना होता. तो लिहिला तेव्हा एकच कामगार असायचा, म्हणून तो सगळं ओझं एकाच्याच डोक्यावर देत होता. दुसरे कितीही आणून उभे करा, त्याला ते दिसतच नव्हते. आणि आमचे चारही जण स्वभावाने संथ.

आम्ही रिक्षाने उल्हासनगरला गेलो. तोच दुकानदार. बाबांनी वहीतलं मदरबोर्डचं नाव वाचून दाखवलं. स्वतः वाचलं, माझ्याकडे दिली नाही. आणि त्याच्याच खाचेत बसेल असा, दोनच कोअरचा पण प्रत्येक कोअर जास्त वेगाचा, जुना प्रोसेसर मागितला.

दुकानदाराने माझ्याकडे बघितलं. बाबांकडे नाही, माझ्याकडे. "मॅडम, अंकल को समझाओ ना. चार निकाल के दो? लोग ऊपर जाते हैं, ये नीचे आ रहे हैं."

मी तोंड उघडणार तोच बाबा म्हणाले, "भाई, कार्ड आपने बोला था. कितना फरक पड़ा, मालूम है? शून्य. मैंने नाप के देखा है. आपने नापा?"

मग मागच्या खणातून, मोडीत काढलेल्या ऑफिसच्या कॉम्प्युटरांच्या ढिगातून त्याने एक चौकोनी चिप शोधून दिली. कार्डासाठी मंदारने जे मोजलं त्याच्यापुढे तिची किंमत सांगायलाही लाज वाटावी.

घरी आल्यावर बाबांनी जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलं, डबा आडवा केला, आतला पंखा काढला, त्याखालची जुनी वाळलेली पेस्ट कापसाने पुसली. जुना प्रोसेसर अलगद काढून डबीत ठेवला, नवा बसवून त्यावर तांदळाच्या दाण्याएवढी ताजी पेस्ट लावली. कुठेही ओरखडा नाही. आई दारात उभी होती. "हात हलतोय का गं त्यांचा?" तिने मला विचारलं.

मुंबईहून निघून मुंबईतच उतरायचं, छोटी फेरी. शहर जवळ आलं. कोपऱ्यातला आकडा खाली घसरला, बावीसवर आला आणि तिथेच राहिला. बाबांनी जॉयस्टिक जराशी डावीकडे नेली, विमान जरासं डावीकडे गेलं. चाकं टेकली. बाबांनी लगेच वळवून पुन्हा उड्डाण केलं आणि पुन्हा उतरवलं. असं सहा वेळा. कुणालाही सॉरी म्हणाले नाहीत.

मी पर्समधून चावी काढून त्यांच्यासमोर धरली. मला वाटलं होतं, ते हसतील. बाबांनी चावीकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि त्यांचा चेहरा असा लाल झाला की मी घाबरले.

"तू देतेस? माझी चावी, मला?" ते ओरडले. बाबा कधी ओरडत नाहीत. "खेळ नीट झाला म्हणून देतेस ना? आणि नसता झाला तर? नीता, मी रस्त्यावर कशाला तरी धडकलो होतो का? एकदा तरी? एकाने तरी विचारलं मला?"

नव्हतं विचारलं. त्या स्कूटरला तोवर ओरखडा नव्हता, आणि गणिताच्या बाईंना ते विचारात घ्यावंसं वाटलं नव्हतं. मी रडायला लागले. बाबांनी मला जवळ घेतलं नाही. मला ते तेव्हा लागलं, पण आज बरोबर वाटतं.

"ठेव तुझ्याकडेच," ते म्हणाले. "मंदार आला की घेईन."

मंदार यायला महिना लागला. तेवढे रविवारही गेले. काकांचा फोन आला, झाडाखाली जांभळांचा सडा पडलाय, पोरं पायानं तुडवतात. बाबा म्हणाले, "येतो. थोडं काम राहिलंय."

जूनच्या सुरुवातीला, शाळा उघडायच्या आधी मंदार एकटाच गाडी घेऊन आला. त्या सकाळी बाबांनी पुन्हा टेबलावर वर्तमानपत्र पसरलं होतं. डबीतला जुना प्रोसेसर परत बसवला. मला म्हणाले, "काही बोलू नकोस."

जेवणं झाल्यावर बाबांनी खुर्ची मंदारपुढे केली. "बघ बरं, तुला जमतं का. तू तर माझ्याआधी शिकलास." मंदार हसत बसला. आकाशात मजेत चालला होता, एका हाताने. शहर आलं. पडदा अडखळला. त्याने डावीकडे घेतलं, मग आणखी डावीकडे. आपटलं.

आई, मी, बाबा, तिघं मागे उभे होतो.

मंदारने जॉयस्टिक सोडली आणि टेबलावर चापट मारली. "काय बाबा, हा पीसी लॅग मारतोय! याच्यावर कोण लँड करणार?"

"हो," बाबा म्हणाले. त्यांनी माझ्यापुढे हात पसरला आणि मी त्यावर चावी ठेवली. "तुला पहिल्याच वेळी यंत्राचा संशय आला, मंदार. मला महिनाभर आला नाही. मी म्हातारा झालोय, हे तुम्ही दोघांनी मला इतकं छान समजावून सांगितलं होतं."